मामांचं इटलीतलं वांगं

माझी मुलगी पुण्यात पाहुण्यांना आंबटगोड वांगं वाढते आणि सांगते, "हे आमच्या आजोबांनी इटलीहून आणलं." तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, इटलीहून एका लंगड्या पायाशिवाय काहीही आणलं नव्हतं. पाककृती तर नाहीच. त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. तेव्हा खरं काय झालं ते एकदा लिहून ठेवते. पाहुण्यांना गोष्ट हवीच असेल, तर निदान खरी मिळू दे.

हे सत्तरच्या दशकातलं. कराडजवळ कृष्णेच्या काठी आमची उसाची शेती. माझं माहेर सांगलीचं, भर गावातलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा उसाच्या वाळल्या पाल्याला पाचट म्हणतात आणि हिरव्या शेंड्यांना वाढं, एवढंही मला कळत नव्हतं. माझे यजमान फौजेत होते आणि वर्षातले बहुतेक महिने सरहद्दीवर. घरात आम्ही तिघंच: सासरे, सासूबाई आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडे तशीच रीत आहे.

मामाही जुने फौजी. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत लढले, मांडीत गोळी लागली, तिथल्याच एका दवाखान्यात कितीतरी महिने पडून राहिले आणि पाय ओढत घरी आले. बोलणं मोजकं. दाढी रोजची, घोंगड्याची घडी चौकोनी. लढाईबद्दल ते बोलत नसत. फारच कोणी खोदून विचारलं तर तिथला चिखल सांगत, तिथली खेचरं सांगत आणि तिथलं वांगं सांगत.

चिखलावर आणि खेचरांवर गावाचा विश्वास होता. वांग्यावर कोणाचाच नव्हता. वांग्यात साखर घालतात, आंबट घालतात, तिखट मुळीच घालत नाहीत आणि पावाबरोबर खातात, हे ऐकून पारावरची माणसं हसत. सगळ्यांत जास्त हसत आत्या. "गोळी मांडीत लागली म्हणत्यात. मला वाटतं डोक्यात लागली असंल," असं त्या चारचौघांत म्हणत. कृष्णाकाठचं वांगं दारात पिकत असताना परक्या मुलखातल्या वांग्याचं कौतुक करणं, हा त्यांच्या लेखी जवळजवळ बाहेरख्यालीपणा होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर मामांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण उतरताना तोंडाची चव घेऊन गेला. मऊ भात केला, मुगाचं पाणी केलं, ज्वारीची आंबील केली, तुपातला शिरा केला. मामा एक घास तोंडात घालत, तो बराच वेळ घोळवत आणि ताट बाजूला सारत. तक्रार नाही, चिडचिड नाही. फौजेतल्या माणसाची ही एक पंचाईत असते, त्याचं दुखणं कळतच नाही. सदऱ्याच्या गळपटीचं बटण लावलं तर गळ्याभोवती दोन बोटं जातील इतकी जागा राहू लागली, तेव्हा मला कळलं.

कराडचे डॉक्टर आले. नाडी बघितली, जीभ बघितली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "आजार गेलाय. आता पोटात अन्न गेलं नाही तर माणूस नुसत्या अशक्तपणानं जाईल. काही दिवस बघा. नाहीतर मिरजेला दवाखान्यात हलवावं लागेल."

आत्यांनी ते दाराआडून ऐकलं. त्यांच्या थोरल्या भावाला मिरजेला नेलं होतं, तो परत आला नव्हता. मिरजेचं नाव काढलं की त्या उठून काहीतरी घासायला घेत. त्या दिवशी त्यांनी लख्ख घासलेला हंडा पुन्हा घासला. मामांनीही आपला निकाल सांगून टाकला, "दवाखाना म्या एकदा बघितलाय. पुन्हा न्हाई जायाचा. हितंच काय व्हायचं ते हुं दे."

मला घोळ आवडत नाही. मी त्यांच्या बाजेजवळ गेले आणि सरळ विचारलं, "मामा, काय खावंसं वाटतं ते स्पष्ट सांगा. मी करते."

त्यांनी आढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "त्ये वांगं."

"कुठलं?" हे मी उगीच विचारलं. कुठलं ते सगळ्या गावाला माहीत होतं.

आत्या स्वयंपाकघरातून हातात कालथा घेऊनच बाहेर आल्या. "वांगं? तापातनं उठलेल्या माणसाला वांगं? आगं, वातानं मरंल ना त्यो! आन साखर घालून? लोकं म्हणतील सासूसुनंनं मिळून म्हाताऱ्याला मारला."

लोकांचं काय ते नंतर बघू म्हटलं आणि डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांनी दगड मागितला तर दगड उकडून द्या, बाई. पण पोटात जाऊ दे काहीतरी."

आता करायचं कसं? ज्यानं आयुष्यात चूल पेटवली नाही त्याच्याकडून कृती काढून घेणं म्हणजे लहान मुलाला चोराचं वर्णन विचारण्यासारखं. मी भाजी निवडायचं निमित्त काढून त्यांच्याजवळ बसायची आणि एकेक विचारायची. वांगं कसलं? हातभर, काळंजांभळं, बिनकाट्याचं. फोडी? मोठ्या. तेल? "लय. वांगं तेलात पवत असायचं." आणखी काय? कांदा, टोमॅटो. हिरवी, खारट, कडवट फळं, आत बी, बोराएवढी. दुसरं काहीतरी वाटाण्याएवढं, तेही खारट. कसल्यातरी पाल्याची जाड देठं, दाताखाली कचकचणारी, ओव्यासारख्या वासाची. आणि साखर.

साखरेची हकिकत त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितली. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी राहायची. तिचे दोन्ही मुलगे लढाईत कुठेतरी होते, कुठल्या बाजूनं ते मामांना कधी कळलं नाही. पाय थोडा टेकू लागल्यावर मामा आणि माण तालुक्यातला त्यांचा एक दोस्त, तो हाताला लागलं म्हणून त्याच दवाखान्यात होता, दोघं काठ्या टेकत गल्लीत जायचे. म्हातारीच्या घरात मीठसुद्धा जपून वापरायचं अशी दशा होती. या दोघांना चहासाठी साखर मिळायची, ती हे कागदात बांधून तिला नेऊन द्यायचे. त्याच साखरेतली चिमूटभर घालून ती वांगं करायची आणि दोघांपुढे ठेवायची. तिची भाषा यांना येत नव्हती, यांची तिला.

"मग बोलायचात काय?" मी विचारलं.

"काय बोलायचं? ती वाढायची, आमी खायाचो."

पहिल्यांदा मी केलं ते चिंचगुळाचं. माझ्या मनात होतं, आंबटगोडच करायचं ना, मग चिंच आणि गूळ आहेत की घरात. हाताला सवय अशी, की फोडणी पडली तसा कांदालसणाचा मसालाही, म्हणजे आमची तिखट चटणी, आत गेला. एकच चमचा. आमच्या भागात त्याच्याशिवाय भाजीला भाजी म्हणत नाहीत. मामांनी घास घेतला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"चटणी घातलीस."

"थोडीशीच."

"ही तुज्या आत्याच्या हातची भाजी झाली. त्ये न्हवं."

आत्यांना हे ऐकून आनंद झाला की राग आला, मला आजही सांगता येणार नाही. ती भाजी त्यांनी चाटूनपुसून खाल्ली.

त्याच आठवड्यात माणातला दोस्त समाचाराला आला. दहिवडीकडचा धनगर, खांद्यावर घोंगडी, अंगात फौजेतला जुना कोट. पडवीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी सुरुवात केली.

"काय रं गड्या, वाळलास की. आमच्यातलं मेंढरू बी दुष्काळात ह्याच्यापरीस बरं दिसतंय."

"तू कशाला आलास?"

"तुला बघाय. न्हाईतर काय, तुज्या उसात मेंढरं घालाय?"

"घालून बघ," मामा म्हणाले आणि कित्येक दिवसांनी हसले. मग एकदम विचारलं, "म्हातारीचं वांगं आठवतं का रं?"

"आठवतं की. आंबट."

"गोड."

"आंबट, गड्या. दातं आंबायची."

"साखर कुणाची व्हती? माजी. मला ठावं न्हाई व्हय गोड का आंबट?"

"निम्मी माजी व्हती! तुजी तुला गोड लागली असंल!"

आत्या चहा घेऊन आल्या होत्या. इतकी वर्षं ज्या थापेला हसल्या, तिला आता दुसरा साक्षीदार उभा राहिला, हे काही त्यांना रुचलं नाही. "आवं भावजी, खरं सांगा. वांग्यात साखर?"

"आयच्यान, वैनी. आन आमच्या नेपतीगत काय तरी खारट असायचं बगा त्यात."

नेपती हे माळरानावरचं काटेरी झुडूप. माणाकडे त्याची हिरवी बोंडं खारवून ठेवतात. दोस्तांच्या बायकोनं आजाऱ्याच्या तोंडाला चव यावी म्हणून खारवलेल्या नेपतीची लहानशी बरणीच त्यांच्याबरोबर दिली होती. मी एक बोंड काढून मामांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते चावलं, दोस्ताकडे बघितलं. दोस्तानं मान हलवली. वाटाण्याएवढ्या खारट वस्तूचा प्रश्न सुटला. बोराएवढ्या कडवट फळाला मी मनात आधीच उत्तर काढून ठेवलं होतं. वैशाखात मिठाच्या पाण्यात घातलेली कच्ची करवंदं फळीवर होतीच.

निघताना ते दोस्त दारात माझ्याजवळ थांबले. पडवीत एवढे मोठ्यानं बोलणारे गृहस्थ, पण आवाज अगदी खाली आणला. "पोरी, लय वाळलाय गं. गोळी लागली तवा बी असा नव्हता. काय बी कर, पर ह्याला खायाला घाल."

आता उरला तो आंबटपणा. चिंच नव्हे, लिंबू नव्हे, कैरी नव्हे, एवढं मामांनी खात्रीनं सांगितलं होतं. "नाकात जायाचा वास." म्हणजे शिरका, व्हिनेगर, असणार. कराडात मिळाला नाही. मी एसटी धरून माहेरी सांगलीला गेले, भावाला घेऊन मिरजेला गेले आणि स्टेशनजवळच्या एका दुकानातून बाटली आणली. ज्या मिरजेला मामांना न्यायचं नव्हतं, तिथूनच त्यांचं औषध आलं म्हणायचं. घरी येताच आत्यांनी बूच काढून बाटली हुंगली आणि दोन पावलं मागं सरकल्या.

"दारू हाय का गं ही?"

"नाही. दारू फार दिवस राहिली की तिचं हे होतं."

"म्हंजे दारूच की. शिळी."

दुसऱ्यांदा मी सगळं मन लावून केलं. आमचीच वांगी, पण मोठी बघून घेतली. फोडी करून मीठ चोळून ठेवल्या, पिळल्या आणि शेंगतेलात तळल्या. आत्या शेजारी उभ्या होत्या. "तेल किती पितंय ते! वांगं हाय का रेडा?" कांदा परतला, टोमॅटो घातले, करवंदं बिया काढून घातली, नेपती घातली. ओव्याच्या वासाची देठं कुठून आणू? चिमूटभर ओवाच टाकला. सगळ्या पातेल्यात तेवढा ओवा आत्यांना पसंत पडला, कारण तो वाताला चांगला. शेवटी साखर आणि शिरका एकत्र उकळून वर ओतलं. वास असा उठला की दोघींच्याही डोळ्यांना पाणी आलं.

गरमगरम ताटलीत वाढलं, सोबत मऊ भाकरी. मामा उठून बसले. ताटलीवर वाकून त्यांनी वास घेतला आणि डोळे मिटले. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसरा हातात धरून ठेवला.

"वास त्योच हाय," ते म्हणाले. "पर चव न्हाई. सगळं वायलं वायलं लागतंय. आंबट येगळं, गोड येगळं. कायतरी ऱ्हायलंय."

"काय राहिलंय? आठवा."

"आठवंना." त्यांनी घास परत ठेवला. "तू लय केलंस, पोरी. आता ऱ्हाऊ दे."

तोवर ते कधी असं बोलले नव्हते. आजवर ताट सारत होते, पण "राहू दे" म्हणाले नव्हते. मी ताटली उचलली आणि आत आले. संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. त्यांनीही आता थांबायचं नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप यायची होती, मिरजेला न्यायला. आत्यांनी मामांची दोन धोतरं आणि तांब्या पिशवीत भरून ठेवला.

पातेलंभर वांगं उरलं होतं. टाकायचा प्रश्नच नव्हता, एवढं तेल प्यालेलं वांगं कोण टाकतं? आंबट पितळेत ठेवू नये म्हणून मी ते चिनी मातीच्या बरणीत काढलं आणि फडकं बांधून फळीवर ठेवलं.

आमच्या घरची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रात्रीचं उरलेलं सकाळी बायकांनी खायचं. पुरुषांना चुलीवरची ताजी भाकरी, ताजं कालवण. आम्ही दोघी चुलीपुढे बसून शिळी भाकरी आणि कालचं जे असेल ते खात असू. त्यात अन्याय वगैरे काही वाटत नसे. खरं तर शिळी भाकरी मला ताज्यापेक्षा आवडते. पण घरच्या कर्त्या पुरुषाला शिळं वाढणं म्हणजे त्याचा अपमान आणि बाईची अब्रू गेली, हे पक्कं.

त्या सकाळी खाण्यात मन नव्हतं, पण मिरजेला जायचं म्हणजे दिवसभर काही मिळणार नाही. मी बरणी काढली, दोघींच्या ताटलीत थोडं थोडं वाढलं. गार वांगं, गार भाकरी.

पहिल्या घासाला मी थांबले. हे कालचं नव्हतं. म्हणजे कालचंच होतं, पण काल जे एकमेकांशी भांडत होतं त्या सगळ्यानं रात्रीतून तडजोड केली होती. आंबट कुठे संपतं आणि गोड कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. वांगं लोण्यासारखं झालं होतं. करवंद मध्येच दाताखाली येत होतं.

मी आत्यांकडे बघितलं. त्या खाली मान घालून खात होत्या. ताटली पुसून घेतली, बरणीत हात घातला, आणखी घेतलं.

"ह्येच का गं कालचं?"

"हेच."

"रात्रीला काय घातलंस ह्यात?"

"काही नाही."

"मेलं, ब्येस लागतंय की गं!"

मी एका वाटीत काढलं आणि उठले. आत्यांनी माझा हात धरला. "कुठं निघालीस?"

"मामांना देते."

"शिळं?" त्यांचा आवाज चढला. "ह्या घरात पाय ठेवल्यापास्नं म्या त्यास्नी शिळा तुकडा दिला न्हाई. माज्या सासूनं दिला न्हाई. दुष्काळात रेशनच्या लाल मिलो जोंधळ्याच्या भाकरी खाल्ल्या आमी, पर त्यास्नी ताज्या करून घातल्या. आन आता जायाच्या टायमाला..."

"आत्या, ताजं देऊन बघितलं," मी म्हणाले. "ते खात नाहीत. मिरजेला नेल्यावर बाटलीतलं पाणी घालतील त्यांच्या अंगात. ती बाटली केव्हाची भरलेली असते, कोणाला माहीत आहे?"

आत्यांनी यावर विचार केला. त्यांच्या विचार करण्याला आवाज असायचा, जिभेनं टाळ्यावर टक् टक् करत. मग त्यांनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली.

"दे हिकडं. तू दिलंस तर सुनंनं सासऱ्याला शिळं घातलं म्हणतील. मी दिलं तर कोण काय म्हणतंय ते बघते."

आणि वळून त्या ती वाटी चुलीवर ठेवायला निघाल्या. हाताची सवय. मी मधे उभी राहिले. "गरम नाही करायचं. असंच द्या."

"गार?"

"आपण खाल्लं तसंच."

त्या गेल्या. मी उंबऱ्यापाशी थांबले. त्यांनी वाटी बाजेवर ठेवली, शेजारी शिळ्या भाकरीचा अर्धा तुकडा ठेवला आणि पदराचं टोक तोंडात धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मामांनी वाटीकडे बघितलं, शिळ्या भाकरीकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं. काय समजले कोण जाणे. त्यांनी तुकडा मोडला, वांग्याला लावला आणि तोंडात घातला.

ते चावत राहिले. गिळलं. दुसरा तुकडा मोडला. मला वाटलं ते आता काहीतरी म्हणतील, पण ते खात राहिले. भुकेलं माणूस जेवतं तसं, ताटाकडे बघत. वाटी संपली तेव्हा भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं त्यांनी ती आतून पुसली.

"गार व्हतं," ते म्हणाले. "व्हय. गारच असायचं. ह्ये सांगायचं ऱ्हायलं बग."

मी आत गेले. "मामा! एवढी मोठी गोष्ट सांगायची राहते होय?"

"मला वाटायचं म्हातारीकडं जळण नसंल. गरिबी व्हती. म्हणून गार वाढती. वांगं गारच करायचं असतं ह्ये कुणाला म्हाईत?"

"नुसतं गार नाही. शिळं आहे हे. कालचं."

मामांनी वाटी हातात फिरवली. "आमी सकाळचं जायाचो," ते सावकाश म्हणाले. "दवाखान्यात पट्टी बदलली की निघायचो. म्हंजे तिनं आदल्या रातीचंच घातलं म्हणायचं. शिळं." त्यांना हसू फुटलं, पण ते पुरतं हसूही नव्हतं. फौजेतला जवान, आपली साखर नेऊन देणारा, आणि त्याला शिळं. "साखर आमची आन शिळं बी आमालाच."

तेव्हा आत्या भिंतीपासून पुढं आल्या. पदर तोंडातून काढला.

"मग तिनं तुमास्नी घरातलंच धरलं," त्या म्हणाल्या. "पावन्याला कोण शिळं घालतंय?"

मामांनी वर बघितलं. इतक्या वर्षांत त्या वांग्याबद्दल आत्या एक शब्द बरा बोलल्या नव्हत्या, आणि त्या म्हातारीबद्दल तर नाहीच. मामांनी वाटी आत्यांपुढे धरली. आत्यांनी ती घेतली आणि आणखी आणायला आत गेल्या.

दुपारी जीप आली. ड्रायव्हरला चहा दिला आणि परत पाठवलं. तो जरा कुरकुरला, तेव्हा आत्यांनी त्याच्यापुढे भरल्या वांग्याची ताटली ठेवली. ताजी आणि तिखट. मग तो गप्प झाला. बरणीतलं वांगं तीन दिवस पुरलं. चौथ्या दिवशी मामांनी भात मागितला आणि डॉक्टरांचा प्रश्न संपला. गळपटीच्या बटणातली जागा भरून यायला मात्र होळी उजाडली.

त्यानंतर एक नवीन गोष्ट घरात सुरू झाली. सकाळी मामा काठी टेकत स्वयंपाकघरात यायचे आणि चुलीपुढे आमच्या शेजारी बसायचे. "काय उरलंय?" असं विचारायचे. आत्या आधी "उठा, भायेर बसा, कोण आलं तर काय म्हणंल" म्हणायच्या, नंतर नुसत्या सरकून जागा द्यायला लागल्या. गावात मात्र त्यांनी आपली गोष्ट तयार केली. इटलीतली माणसं शिळं खातात आणि तरी लढाया करतात, असं त्या पाणवठ्यावर सांगत. माणातले दोस्त पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांच्याही पुढे आदल्या रात्रीचं वांगं आलं. त्यांनी खाल्लं, मामांकडे बघितलं आणि म्हणाले, "आंबट."

"गोड," मामा म्हणाले.

आता दोघंही नाहीत. आत्याही नाहीत. बरणी माझ्याकडे आहे, काठ थोडा उडालाय.

माझी मुलगी ते वांगं चांगलं करते. शिरका आता कुठेही मिळतो, करवंदांऐवजी ती बाजारातली बाटलीतली खरी ऑलिव्हची फळं घालते. एवढंच चुकतं की ती पाहुणे यायच्या वेळी करते आणि गरम वाढते. पाहुणे "छान" म्हणतात आणि निम्मं ताटात ठेवतात. मी तिला सांगितलंय, पाहुण्यांना ताजं काहीतरी कर. हे रात्री करून ठेव आणि सकाळी घरातल्यांना दे.